खुणेतलं नाव

पेपरात वैष्णवीचा फोटो आला त्या रविवारी अनुयाने पोह्यांची बशी तशीच बाजूला सारली. वैष्णवी म्हणजे तिच्या राजसीची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी जन्मापासून बहिऱ्या. सिनेमात बहिऱ्या मुलीचं काम खरोखरच्या बहिऱ्या मुलीनेच करावं म्हणून दोघींना ऑडिशनला बोलावलं होतं. निवड झाली वैष्णवीची, आणि आता जो तो तिचं कौतुक करत होता.

वैष्णवी कोण, तर उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या जीन्स शिवणाऱ्या महेंद्रची पोर! तोंडातून एक शब्द धड निघत नाही. राजसीला मात्र अनुयाने आरशासमोर बसवून, स्वतःच्या गळ्यावर तिचा हात ठेवून 'पाणी' म्हणायला शिकवलं होतं. बोलणं सुटू नये म्हणून घरात खुणांना बंदी. बोटं हलली की अनुया तळवे खाली दाबून दटावायची, "हात खाली!" ऑडिशनला दिग्दर्शकाने सांगितलं, हातांनी भांडून दाखव. राजसी हात मागे बांधून, ओठ नीट हलवून भांडली.

दुपारी वैष्णवीची आई अंजना लेकीला घेऊन बदलापूरला अनुयाच्या घरी पेढे द्यायला आली.

"घ्या ना ताई, अजून एक."

"नको गं, शुगर आहे मला." नव्हती.

मुली खिडकीशी बसून हातांनी बडबडत होत्या. अंजनाने जमिनीवर पाय आपटला, तशा फरशीची थरथर जाणवून दोघी वळल्या. तिने हवेत भराभर काहीतरी सांगितलं आणि राजसी खदखदून हसली. पेपरातल्या फोटोपेक्षा ते हसू अनुयाला जास्त झोंबलं.

मग राजसीने आईकडे बघत दोन्ही तळवे खाली दाबले. वैष्णवीनेही तसंच केलं. पुन्हा तेच.

"सारखं काय चाललंय हे?"

अंजना चाचरली. "ते... तुमचं नाव आहे, ताई. मुली प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवतात ना. कुणाच्या सवयीवरून, कुणाच्या दिसण्यावरून."

अनुयाने विचारलं, "आणि तुझं?"

अंजनाने लाजून गालावर बोट टेकवलं, खळी पडते तिथे.

अनुयाने पेढ्यांचा डबा बंद केला, परत उघडला. मग तिनेही जमिनीवर पाय आपटला. राजसीने चमकून पाहिलं. अनुयाने तळवे खाली दाबले, स्वतःकडे बोट केलं आणि जोरजोरात मान हलवली. हे नको.

राजसी आईकडे बघत राहिली. मग आईने शिकवलं होतं तसं, शब्द तोडून तोडून म्हणाली, "मग... कोणतं?"

अनुयाची नजर पुन्हा अंजनाच्या खळीकडे गेली.