विहिरीवरची खिडकी

चाचा कामावर आले की पहिला तासभर काहीच करायचे नाहीत. जुन्नरातलं वेल्डिंगचं दुकान बंद करून, टेम्पोत लोखंड घालून एवढ्या लांब यायचं आणि विहिरीच्या काठावर बसून पाणी बघत राहायचं. उसातून वारा यायचा, पारवे खाली उतरायचे, आणि घड्याळ बघून चिडलेल्या मलाही हळूहळू गुंगी चढायची. "चाचा, सुरू करू या का?" म्हटलं की म्हणायचे, "सुरूच हाय की, राव."

आमची संस्था लहान. उसातले बिबटे उघड्या विहिरींत पडतात, म्हणून आम्ही विहिरींवर लोखंडी जाळ्या बसवायचो. पिंपरी पेंढारला पहिल्या जाळ्या घाईघाईने बसवल्या, फोटो काढले. मी तर हवेतच होतो. पावसाळ्यानंतर जाऊन बघतो तर सगळ्या जाळ्या बांधावर काढून ठेवलेल्या. तिथल्या मंदाकाकूंनी त्यांच्या विहिरीच्या जाळीवर दोडक्याचा वेल चढवला होता.

संस्थेत हे काम बंद करायची भाषा सुरू झाली. मी वैतागून गावाला अडाणी म्हणालो, तेव्हा चाचा माझ्यावर पहिल्यांदा रागावले. "अडाणी आपण. मोटार जळाली तर त्यांनी वर काढायची कुठनं? इचारलं व्हतं का कुणाला?"

त्यांचं ते बसणं तिथून सुरू झालं. ते बसले की कुणीतरी चहा घेऊन यायचं, मग मोटारीचं, पाण्याचं, सुनेचं बोलणं निघायचं. "बसलेल्या माणसाशी लोक बोलत्यात," चाचा म्हणायचे. "उभ्या माणसाला नुसतं हो म्हणून वाटंला लावत्यात." मग ते जाळीत मोटारीपुरती खिडकी कापायचे आणि घरातली बाई जिथून उघडेल तिथे कडी लावायचे. त्यानंतर एकही जाळी निघाली नाही. कार्यक्रमांत भाषणं मात्र मी ठोकायचो.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मला वाटलं, आता हे काम संपलं. दुसरा वेल्डर मिळाला असता, पण असं बसणारा माणूस कुठून आणायचा? दोन महिने मी कुठल्याच गावात गेलो नाही.

मग मंदाकाकूंचा फोन आला. दिराच्या नव्या विहिरीवर त्यांनी मंचरहून वेल्डर आणून जाळी बसवली होती. खिडकी कुठे ठेवायची ते त्यांनी जावेला विचारून ठरवलं होतं.

"मला कळवायचं ना, काकू," मी म्हणालो.

"आता चाचा न्हाईत," त्या म्हणाल्या, "मंग तुमाला कशाला बोलवायचं?"

मला राग यायला हवा होता. फोन ठेवला आणि पोटभर रडलो.