चमचा परत देतो

ऑफिसात चमचेगिरी कधी जमली नाही, म्हणून रविवारी चमचेच घडवायला लागलो. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गजवळच्या एका खेड्यात जुन्या घरांचं संग्रहालय आहे. तिथे चामड्याचा एप्रन आणि चिकटवलेली मिशी लावून मी एकोणिसाव्या शतकातला चमचे घडवणारा व्हायचो. एक आजीबाई तर म्हणाल्या, "तुमचं घराणं इथलंच ना?" मी खुशाल सांगितलं, "गेनाऊ!" अगदी बरोबर.

सोंग सोपं, काम नव्हे. लोखंडी पट्टी तापवायची, ऐरणीवरच्या खळग्यात ठोकून तिची वाटी काढायची, कडा घासायच्या आणि शेवटी वितळलेल्या कथलात बुडवायचं. म्हणजे आपली कल्हईच. मूळचे कारागीर उजाडल्यापासून हेच करत, बायकामुलं कडा घासत. माझा खांदा जेवणाच्या सुट्टीआधीच संपावर जायचा. सोमवारी माउस डाव्या हातात.

बायको म्हणाली, "आठवडाभर तू कंपनीचा, रविवारी गेल्या शतकांचा. आमचा कधी रे?"

सोडायचं ठरवलं. पण मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याची बोटं आता हातोडीभोवती वळत नव्हती. मी गेलो की भट्टी विझणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याने नमुन्यासाठी दिलेला चमचा सन्मानाने परत करावा, म्हणून गाडीत जर्मन वाक्य घोकलं. भट्टीपाशी पोचलो, जमलेल्या पाहुण्यांसमोर कमरेत वाकलो आणि खड्या आवाजात म्हणालो, "इश गेबे देन ल्योफेल आप!" मी चमचा परत देतो.

एका बाईंनी घाईघाईने खुर्ची पुढे सरकवली.

म्हाताऱ्याने विचारलं, "डॉक्टरला बोलवू?"

तेव्हा कळलं. आपल्याकडे माणूस राम म्हणतो, इथे चमचा परत देतो.

"अहो, मरत नाहीये मी! दमलोय फक्त. आता हे काम होत नाही."

"दमलोय मीही. आणि वयाने मोठा आहे. आल्झो, तर मग चमचा आधी मी देणार. तू रांगेत उभा राहा."

आणि चमचा माझ्या एप्रनच्या खिशात परत. लोक खदखदून हसले. मीही हसलो, तशी मिशी सुटली आणि थेट कथलात.

गर्दी पांगल्यावर त्याने दोन्ही हातांनी सांडशी धरून पट्टी निखाऱ्यांत सरकवली. ती हलली, घसरली, त्याने पुन्हा सरकवली. पट्टी लाल झाली तेव्हा मी हातोडी उचलली.

बायकोला काय सांगायचं, ते खांद्याला विचारलं. तो नुसता कण्हला.