कॅमेऱ्याचा मळवट

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करताना राघवेंद्र मास्तरांनी जुन्या बाजारातून आणलेला टेपचा कॅमेराही पाटावर मांडला. वरवर कुंकू लावून त्यांचं समाधान होईना. मग कॅसेटचं झाकण उघडून टेप ज्यावरून फिरते त्या आतल्या चकचकीत ड्रमलाही त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं. यंत्राचा जीव तिथंच ना!

तेव्हापासून शूटिंग लावलं की चित्राच्या नुसत्या चौकोनी ठिकऱ्या. इकडं शामलाआत्या दोन दिवसांत कायमची पुण्याला निघालेली. तिच्या तोंडची देवीची गाणी टिपायची होती, आणि मोबाइलसमोर गायला तिचा साफ नकार. "ते खेळणं हाय," म्हणायची.

मास्तर तुळजापुराहून तडक नळदुर्गला, दीपमालाबाईंच्या दुकानात. वीस वर्षं पंचक्रोशीतली लग्नं बाईंनी असल्याच कॅमेऱ्यावर टिपलेली. त्यांनी आधी स्वतःची चांगली कॅसेट लावून बघितली. तिच्याही ठिकऱ्याच.

"म्हंजे टेप बरी हाय, खोड कॅमेऱ्यात हाय." बाईंनी झाकण उघडलं आणि त्या खो खो हसल्या. "मास्तर, ह्याचा मळवट कुणी भरला?"

मास्तर चपलेकडं बघू लागले. बाईंनी स्पिरिटात भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ड्रमला टेकवून धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रमच हळूहळू फिरवला. "वर-खाली घासलं की ड्रमवरचं चित्र टिपणारं नाजूक हेड गेलंच समजा."

ड्रम वाळल्यावर मास्तरांनी बाईंचंच शूटिंग केलं. चित्र लख्ख! आपल्या जिल्ह्यात असलं माणूस आहे, म्हणून मास्तरांचीच छाती फुगली.

"बाई, एवढं शिकलात तरी कुणाकडून?"

"तुमच्यासारख्या बिघडवणाऱ्यांकडून."