वसुधारेचं पाणी

मी मुळातच भित्री. सीताबर्डीवर रस्ता ओलांडताना दोन सायकली जाऊ देऊन तिसरीचीही वाट पाहणारी. अशा बाईला सासूबाईंनी बद्रीनाथच्या यात्रेला नेलं, तेही नागपूरच्या भर उन्हाळ्यात ट्रंकेतले डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर काढून. शेजारणी म्हणाल्या, नशीबवान आहेस हो. मी मान हलवली.

खरं कारण मला ठाऊक होतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. सासूबाईंच्या भावाने माझ्या नवऱ्यासाठी कामठीला एक मुलगी पाहून ठेवली होती. मला वर्ध्याला माहेरी धाडायचं, काडीमोडाच्या कागदपत्रांचं मागाहून बघायचं, हे बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. आणि नवरा काय म्हणाला? "आई म्हणेल तसं." कचेरीत टाचणी घ्यायलाही याला साहेबाची परवानगी लागायची, तिथे बायकोची काय कथा! आता शेवटचा कौल देवाकडून घ्यायचा, एवढंच सासूबाईंचं बाकी होतं.

तो कसा घ्यायचा, हे आमच्या यात्रेच्या व्यवस्थापक काकांनी ऋषिकेशहून निघालेल्या बसमध्येच सांगून टाकलं. बद्रीनाथच्या पुढे, माणा गावापलीकडे, उंच कड्यावरून वसुधारा कोसळते. पापी माणूस खाली उभा राहिला तर त्याच्या अंगावर तिचा थेंबसुद्धा पडत नाही, पाणी बाजूला होतं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलं ना? थेंब पडला तर तुले मी कुठीच धाडत नाही. नाही पडला, तर मग मले बोल लावू नको."

बस वळणावर दरीकडे झुकली की बाकीच्या बाया देवाचा धावा करत. अलकनंदा इतकी खाली होती की पाहवत नव्हतं. मी मात्र डोळे मिटून माझी पापं आठवत होते. आईला थाप मारून सिनेमाला गेले होते. चुलत बहिणीच्या पाटल्या पाहून जळले होते. एवढ्यावर पाणी बाजूला होतं का? विचारणार कुणाला?

माण्याला पोचेपर्यंत बाकीच्या बायांना धाप लागली होती, त्या तिथेच बसल्या. सासूबाई थांबायला तयार नव्हत्या, तेव्हा काका आम्हा दोघींना घेऊन निघाले. पुढे सरस्वतीवर एकच प्रचंड शिळा आडवी पडली आहे, तिच्यावरून पलीकडे जायचं. खाली पाणी असं गर्जत होतं की शिळा हलते आहे असंच वाटे. मी जवळजवळ रांगत गेले. त्यापुढे दगड, मध्येच मळकट बर्फ, आणि छातीत मावेनासा श्वास. परत फिरावं असं दर पावलाला वाटत होतं, पण परत फिरले असते तरी तोच निकाल लागला असता.

धारेपाशी पोचलो तेव्हा काका थर्मास घेऊन एका दगडावर टेकले. पाणी वरून निघे, पण अर्ध्यावर त्याचा भुगा होई आणि वारा नेईल तिकडे जाई.

"आधी मी जाते. मी कशी उभी राहते ते पाय," सासूबाई म्हणाल्या.

त्या चपला काढून, हात जोडून उभ्या राहिल्या. वारा फिरला. सगळी धार कड्याला चिकटून पलीकडे गेली. त्या थोडं सरकल्या, तर धार त्या आधी उभ्या होत्या तिथे पडू लागली. त्या परत तिथे आल्या, आणि धार पुन्हा लांब गेली. बराच वेळ हेच चाललं. शेवटी त्यांनी मला हाक मारली.

"काहून थरथरून राहिली वं? ये इकडे."

मी जेमतेम त्यांच्या अलीकडे पोचले असेन. वरून बर्फाचं पाणी बदाबदा डोक्यावर आलं आणि मी किंचाळले. आनंद वगैरे काही नाही, निव्वळ भीतीने. डोळे पुसून पाहिलं तर हातभर अंतरावर सासूबाई कोरड्या ठाक उभ्या. त्यांना संतापलेलं मी रोज पाहत होते, घाबरलेलं कधीच नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

हा वाऱ्याचा खेळ आहे, हे जिभेवर आलं होतं. पण मग माझं भिजणंही वाऱ्याचंच झालं असतं! मी नुसता भिजलेला पदर त्यांच्या केसांवर पिळायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. देवाले फसवतं का कोणी?"

तो हात त्यांनी शिळेच्या पुलापर्यंत सोडला नाही. धर्मशाळेत बायांनी घोळका केला, पडलं का पाणी, पडलं का? "सुनेवर पडलं," त्या म्हणाल्या. "माह्यावर नाही." घोळका आपसूक पांगला.

त्यानंतर सासूबाई बोलल्याच नाहीत. बसमध्ये नाहीत, गाडीत नाहीत. मला तर ते जास्तच भीतीचं वाटलं. चारचौघींत झालेल्या अपमानाचा राग माझ्यावर निघणार, वर्धा काही टळत नाही, हेच डोक्यात. इटारसीला त्यांनी चहा घेतला आणि माझ्याकडे न पाहता अर्धा मला दिला.

नागपूर स्टेशनवर नवरा आला होता. "दर्शन झालं का नीट?"

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या मामाले सांग, कामठीले पाय ठेवू नको म्हणा."

दरीवर, शिळेवर, बर्फावर मी रडले नव्हते. मी होल्डॉलवर मटकन बसले आणि रडू लागले. नवरा बावळटासारखा आईकडे पाहत होता.

सासूबाईंनी माझ्या दंडाला धरलं. "ऊठ वं. रिक्षावाला थांबून राहिला."