खोक्यांच्या कारखान्यातलं एकमत

आमच्या जुन्या साहेबांना राग येण्याआधी त्यांचा उजवा कान लाल व्हायचा. हे मला नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं आणि पुढची अठरा वर्षं मी त्या कानाच्या भरवशावर काढली. मीटिंगमध्ये मी मुद्दाम त्यांच्या उजवीकडे बसत असे. कान तांबूस व्हायला लागला की आमचा एकेक वीर आपलं मत गिळून टाकायचा. मग साहेब टेबलावर हात आपटून निर्णय द्यायचे, आम्ही ‘अगदी बरोबर’ म्हणायचो आणि डबे उघडायला मोकळे व्हायचो.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. औषधाच्या बाटल्या भरून जातात ना, ती खोकी. वर्ध्याहून देवळीकडे जाताना हमरस्ता सोडून आत वळायचं, मग सात-आठ किलोमीटर दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी आणि तूर, आणि मग आम्ही. मी तिथला कार्मिक अधिकारी. हल्ली दारावरच्या पाटीवर एचआर लिहिलंय, पण शिव्या त्याच.

जुने साहेब निवृत्त झाले आणि पुण्याहून नवे आले. सडपातळ, हळू बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सहा खातेप्रमुखांना बोलावलं.

“मी निर्णय लादणारा माणूस नाही,” ते म्हणाले. “इथली माणसं तुम्ही ओळखता. यापुढे सगळं एकमताने ठरेल. एकमत झाल्याशिवाय कुणी खोलीतून उठायचं नाही. आणि मी माझं मत सांगणार नाही. सांगितलं, तर तुम्ही माझ्या मागे याल.”

एवढी भीती मला जुन्या साहेबांच्या आरड्याओरड्याची कधी वाटली नव्हती. या माणसाचे दोन्ही कान कायम एकाच रंगाचे.

खरेदी खात्याचा प्रमुख माझा जुना दोस्त. त्याने पंधरा दिवस अभ्यास केला आणि एक दिवस मला पार्किंगमध्ये गाठलं.

“चष्मा काढून पुसला म्हंजे नाई,” तो म्हणाला. “चहा अर्धा ठेवला म्हंजे हो.”

“अन् दोन्ही केलं तर?”

“मंग आपण चूप राह्याचं.”

चष्मा कूलरच्या दमट वाऱ्याने धूसर व्हायचा म्हणून ते पुसायचे, हे मला फार पुढे कळलं. तोवर आम्ही त्या चष्म्यावर तीन कंत्राटं आणि एक बढती ठरवून मोकळे झालो होतो.

आता बसचं सांगतो. कारखान्याची एक भाड्याची बस होती. सकाळी वर्ध्याहून निघायची, संध्याकाळी सहाला परत. एकेकाळी तिच्यात उभं राहायला जागा नसे. पुढे जो तो दुचाकी घेऊन मोकळा झाला आणि बसमध्ये उरल्या आठ बायका. नवे साहेब लागोपाठ दोन संध्याकाळी गेटवर उभे राहून ती बस जाताना बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “ही बस एवढी रिकामी का जाते हो?”

मी हे खरेदीवाल्याला सांगितलं, त्याने प्रॉडक्शनवाल्याला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या कारखान्याला माहीत झालं होतं की साहेबांच्या डोळ्यात बस खुपतेय.

पुढच्या मीटिंगमध्ये विषयपत्रिकेवर बस होती. कुणी घातली कुणास ठाऊक. साहेबांनी विषय वाचला आणि खुर्चीत मागे रेलले. खरेदीवाला म्हणाला, बसची तशी आता गरज राहिलेली नाही. प्रॉडक्शनवाला म्हणाला, सगळ्यांकडे गाड्या आहेत. माझी पाळी आली तेव्हा त्या आठ बायकांबद्दल बोलायचं, असं मी खरोखर ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि साहेबांनी चष्मा काढला.

“सहमत,” मी म्हणालो. आणि म्हणालो तेही झोकात, आधी जरा थांबून, छातीवर हात ठेवून. गणपतीतल्या नाटकांत मी पंधरा वर्षं खलनायक केलाय, उगाच नाही.

दहा मिनिटांत एकमत. साहेब म्हणाले, “नवल आहे. पण ठीक, तुमचं ठरलं.” महिनाअखेरीपासून बस बंद. नोटीस माझ्या सहीने लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आठांतली लॅबवाली बाई माझ्या टेबलासमोर उभी. अकरा वर्षं ती आमची खोकी तपासायची. यंत्राच्या पाटाखाली खोकं ठेवायचं, दाब वाढवत न्यायचा आणि ते किती वजनाखाली बसतं ते टिपायचं. माल पास की नापास हे तिच्या हातात, आणि ती कुणाच्या बापाला ऐकत नसे.

“सर, तुमीबी हो म्हटलं म्हणते?”

“सगळ्यांचंच एकमत झालं, बाई.”

“आमाले तर कोणी विचारलं नाई.” ती शांतपणे म्हणाली. “सहा वाजता या रस्त्यानं ऑटो भेटत नाई. रानडुकरं फिरून राह्यले. मले गाडी चालवता येत नाई, अन् सेवाग्रामच्या पलीकडं घर. सांगा, कशी येऊ?”

“काहीतरी बघू.”

“बघू नका. येता येत नसंल तर नोकरी सोडावी लागंल, अन् अशी लॅब वर्ध्यात दुसरी नाई. राजीनाम्याचा कागद तुमच्याजवळच भेटते न?”

कागद माझ्याजवळच होता. डाव्या खणात. मी खण उघडला नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी बसचा विषय पुन्हा काढला. “मी माझं मत मागे घेतो. मागच्या वेळी मला वाटत नव्हतं ते मी बोललो.”

“एकमत झालं न जी,” खरेदीवाला म्हणाला. “बसवाल्याले पत्र गेलं. आता ते मोडाले बी एकमतच लागंल.”

झालं. सहापैकी पाच बंदच्या बाजूने, एक चालूच्या, आणि नियमाप्रमाणे खोलीतून कुणी उठायचं नाही. पहिला तास मी भाषणं केली. दुसऱ्या तासात भाषणं संपली. प्रॉडक्शनवाल्याची नागपूरची गाडी चुकली. स्टोअरवाल्याला साखरेचा आजार, तो पाय जुळवून बसला होता आणि माझ्याकडे असा बघत होता की जणू त्याचं मूत्राशय मीच धरून ठेवलंय. डबे बाहेर, आम्ही आत. ‘जाऊ द्या, राहू द्या’ एवढं म्हटलं की दार उघडणार होतं. ते शब्द जिभेवर तीनदा आले. तेव्हा मी काचेतून पलीकडच्या लॅबमध्ये बघायचो. तिथे ती बाई खोकं पाटाखाली सारत होती.

शेवटी स्टोअरवाला फुटला. “मले तर बस बंद करायचीच नवती. बहिणीची सून जाते तिच्यातून.”

“मंग हो काऊन म्हटलं?” खरेदीवाल्याने विचारलं.

“तू म्हटलं म्हणून.”

“मी तर साहेबांले वाटते म्हणून म्हटलं,” खरेदीवाला म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याला कळलं की साहेब समोरच आहेत.

“मला?” साहेब पहिल्यांदा सरळ बसले. “मला कुठे वाटत होतं? वर्ध्यात मी एकटा राहतो. गाडीत मागे एकट्याने बसून कंटाळा येतो. म्हटलं, बसनेच यावं. म्हणून विचारलं, एवढी रिकामी का जाते. तुम्ही बंदच करून टाकलीत. मला वाटलं, इथल्यांना नकोच आहे.”

कुणी हसलं नाही. मी मात्र टेबलाखाली मांडीला चिमटा काढून धरला होता.

मग बस चालू ठेवायचं ठरलं, अर्ध्या मिनिटात आणि एकमताने. लॅबवाल्या बाईची नोकरी वाचली. माझ्या दोन तासांच्या तपश्चर्येने वाचली असं मला सांगायला आवडेल, पण साहेबांना सीट हवी होती म्हणून वाचली. स्टोअरवाला ठराव पुरा व्हायच्या आत दाराबाहेर होता.

सोमवारी साहेब बसमध्ये पहिल्या बाकावर बसले. मंगळवारी खरेदीवाला आला, म्हणे पेट्रोल फार महाग झालंय. शुक्रवारपर्यंत सहाही खातेप्रमुख बसमध्ये होते आणि सहाही गाड्या घरी झाकून ठेवलेल्या. पूर्वी त्या आठ बायका पाय वर घेऊन बसायच्या, मांडीवर पेपर पसरून गवारीच्या शेंगा मोडायच्या आणि वर्ध्यापर्यंत आम्हा अधिकाऱ्यांना मनसोक्त सोलायच्या. दिवसभरातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. आता त्या पर्स मांडीवर धरून ताठ बसलेल्या. बसमध्ये फक्त इंजिन बोलत होतं, आणि साहेब खिडकीबाहेर बघत खुशीत होते.

लॅबवाली बाई माझ्या मागच्या सीटवर होती. ती पुढे वाकली.

“सर, बस वाचवली, लय चांगलं केलं. तुमचे उपकार हाय,” ती कुजबुजली. “पण आता साहेबाले उतरवता येते का पाहा न.”

तेवढ्यात साहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि शेजारची रिकामी सीट थोपटली. “या ना, इथे बसा. गप्पा मारू.”

मी उठलो आणि पुढे जाऊन बसलो.