रॅकच्या मापाची गिटार

जुनी पर्स झटकताना दोन टोकांना गाठी मारलेली सुतळी पडली आणि बारामतीतलं ते वाद्यांचं दुकान, तिथला पॉलिशचा वास, सगळं पुन्हा अंगावर आलं. तेव्हा मी इंदापूरहून लासुर्ण्याच्या शाळेत शिकवायला एसटीनं जायचे. मधल्या सुट्टीत सहज वाजवायला छोटी, परवडणारी गिटार हवी होती, आणि ती बसमधल्या सामानाच्या रॅकवर मावायलाच हवी, म्हणून सकाळच्या रिकाम्या बसमध्ये उभं राहून मी रॅकचं माप सुतळीवर घेतलं होतं. दुकानात दोन गिटारी पसंत पडल्या, किंमत जवळपास सारखीच. एक सुतळीत बरोबर बसली, दुसरी चार बोटं लांब भरली. म्हातारे दुकानदार चाचा दोन्ही वाजवून म्हणाले, "म्याडम, माप ऱ्हाऊ द्या, कानानं घ्या. लांब हाय तिचा आवाज भरीव हाय, ही बारकी डब्यावानी वाजतीया." ते मलाही ऐकू येत होतं. पण इंदापूरची बस सुटायला दहाच मिनिटं होती, माझे पाय एका जागी ठरत नव्हते. मी तीनदा सुतळी लावली, "नको चाचा, रॅकवर बसणार नाही ती," म्हणाले आणि बारकी घेऊन स्टँडकडं पळत सुटले. बसमध्ये शिरले तर रॅक बाजाराच्या पिशव्यांनी गच्च भरलेला. इंदापूर येईस्तोवर गिटार मांडीवर धरून बसले. आजही तिच्या तारा छेडल्या की डबा वाजतो, आणि वाटतं, चार बोटं लांब असती तरी मांडीवर मावलीच असती की.