मास्तरांचं बोट

छापखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण बत्तीस वर्षं मुद्रितं तपासून भल्याभल्या लेखकांचे कान उपटले होते. कादंबरीतले संवाद म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बोलणारा माणूस बदलला की ओळ बदलायची, आणि अवतरणचिन्ह उघडलं की बंद करायचं. "एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं, तर घरात भांडणं लागतात," असं ते नव्या लेखकांना दरडावून सांगत.

दोन वर्षांपूर्वी नजरेने दगा दिला. समोरचं अक्षर विरघळल्यासारखं व्हायचं. आता इलाज नाही, म्हणून डॉक्टरांनी मान हलवली. नोकरी जाईल या धास्तीने मास्तरांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. "घरी शांतपणे बघतो," म्हणून कागद न्यायचे. थोरली विधवा बहीण, ताई, चिन्हांसकट मोठ्याने वाचायची: "अवतरण सुरू, कुठे होतास, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद." मास्तर ऐकून चूक सांगायचे, ताई लाल पेन्सिलीने खूण करायची, आणि खाली सही मास्तरांची.

मग ही कादंबरी आली. आई आणि मुलाचं भांडण, पानंच्या पानं. ताई त्यात पुरती रंगली. आईचा आवाज वेगळा, मुलाचा वेगळा, मध्येच पदराने डोळे पुसणं. चिन्हं म्हणायची ती विसरलीच. मास्तरांना दोघं इतकी स्वच्छ ऐकू येत होती की त्यांनाही चिन्हांची आठवण राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना गोष्ट वाचून दाखवत होतं.

पुस्तक छापून आलं. लेखक तणतणत मालकांकडे गेला. दुसऱ्या दिवशी मालकांनी मास्तरांना बोलावून पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं.

"चाळिसावं पान. आईचं बोलणं कुठे संपतं तेच कळत नाही. चूक कुठे आहे, जरा बोट ठेवून दाखवा."

मास्तरांना पान तोंडपाठ होतं. "'तू जा, मी अडवणार नाही,' हे आईचं. इथे अवतरण बंद. मग नवी ओळ, मुलगा बोलतो," असं म्हणत त्यांनी ठामपणे बोट टेकवलं.

मालक पुढे वाकून बघू लागले.

"मास्तर, बोट कोऱ्या समासात आहे."

मास्तरांनी हात मागे घेतला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मग लाल खुणा कोणाच्या?"

"ताईच्या. चूक माझी. सही माझी आहे."

मालकांनी टेबलावरचा त्याच कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या मुद्रितांचा गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला. कागद घासल्याचा आवाज मास्तरांनी ओळखला. आता घरी जाऊन काय सांगायचं, या विचाराने त्यांना फक्त रडू फुटायचं बाकी होतं.

"एक विनंती होती," ते म्हणाले. "तो गठ्ठा एकदा घरी नेऊ का? खुणा करणार नाही. मुलगा परत येतो की नाही, ताई सारखी विचारते."